उन्हाळा अंड्यांनी काढायचा: इंदूरमध्ये नोथोब्रँकियस सांभाळताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या एका वाचकांनी जानेवारीत नोथोब्रँकियस गुंथेरी या छोट्या आफ्रिकी किलीफिशची कोकोपीटमधली (नारळाच्या काथ्याच्या भुशातली) अंडी भिजवली. चाळीसेक पिल्लं निघाली, पण निम्म्याहून जास्त तळाशीच घसरत राहिली. उरलेली मार्चमध्ये छान रंगात आली. मेच्या शेवटी, ऐन नौतप्यात, म्हणजे कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, त्यांच्या अंगावर सोनेरी भुकटीसारखं काही दिसू लागलं आणि चार दिवसांत सगळे मासे गेले. मधल्या काळात गोळा केलेल्या अंड्यांच्या तीन थैल्या कपाटावर होत्या. ऑगस्टमध्ये उघडल्या तेव्हा एकीत बुरशी होती, दुसरीतलं कोकोपीट भुशासारखं कोरडं पडलं होतं आणि तिसरीतून चारच पिल्लं निघाली. आता पुढच्या वेळी काय बदलायचं, आणि सोबत ऑस्ट्रोलेबियास नायग्रिपिनिस हा दक्षिण अमेरिकेतला मासा आणायचा का, असं त्यांनी विचारलं आहे.

हे वेगवेगळे अपघात वाटतात, पण सगळ्यात मोठ्या नुकसानाचं मूळ एकच आहे: वेळापत्रक. जानेवारीत भिजवलेली पिढी ऐन भरात येते ती एप्रिल-मेमध्ये, म्हणजे माळव्यातल्या सगळ्यात वाईट दिवसांत. या माशाकडे कडक उन्हाळा काढायची उत्तम सोय निसर्गानेच दिलेली आहे, पण ती माशात नाही, अंड्यात आहे. आपल्याकडे मे महिना अंड्यांनी काढायचा आणि मासे पावसाबरोबर पाण्यात आणायचे. एवढं जमलं की निम्मी औषधं कपाटातच राहतात.

आधी हा प्राणी नीट समजून घेऊ. नोथोब्रँकियस पूर्व आणि दक्षिण-पूर्व आफ्रिकेतल्या हंगामी डबक्यांत राहतो, गुंथेरी झांझिबारचा. पाऊस पडला की डबकं भरतं, पिल्लं बाहेर पडतात, काही आठवड्यांत वयात येतात, रोज अंडी घालतात. डबकं आटलं की मासे मरतात आणि अंडी चिखलात जिवंत राहतात. ही डबकी ज्या मातीत टिकतात ती भिजली की फुगणारी आणि वाळली की भेगाळणारी चिकण माती. आपली काळी माती त्याच जातकुळीतली आहे. उन्हाळ्यात भेगा पडलेलं माळव्यातलं शेत डोळ्यांपुढे आणलं तर या अंड्यांचं घर कसं असतं ते कळेल: वरून खडखडीत, वीतभर खाली ओलसर आणि बरंच थंड. थैलीत आपल्याला हीच खालची माती उभी करायची असते. कपाटावरची थैली म्हणजे वरचा तापलेला थर झाला.

अंड्याच्या आत काय चालतं हे माहीत असलं की घाई कमी होते. गर्भाची वाढ तीन ठिकाणी थांबू शकते. पहिला थांबा अगदी सुरुवातीला, पेशी विखुरलेल्या असताना. दुसरा साधारण मध्यावर, जेव्हा हृदय धडधडू लागलेलं असतं पण बाकीचे अवयव पुरे व्हायचे असतात. तिसरा पिल्लू पूर्ण तयार झाल्यावर, बाहेर पडण्याआधी. एकाच दिवशी घातलेली, एकाच थैलीतली अंडीसुद्धा वेगवेगळ्या थांब्यांवर बसलेली असतात. पहिल्या खोट्या पावसात सगळी फुटली आणि डबकं पुन्हा आटलं तर वंशच संपेल, म्हणून ही विभागणी आहे. त्यामुळे एकदा भिजवून पिल्लं कमी निघाली की थैली फेकून देणं ही मोठी चूक. तुमच्या तिसऱ्या थैलीतलं कोकोपीट अजून असेल तर पिळून, वापशावर आणून पुन्हा बांधा. तीन-चार आठवड्यांनी परत भिजवा. एकाच थैलीतून दोन-तीन वेळा पिल्लं मिळणं अगदी सामान्य आहे.

वापसा हा शब्द मुद्दाम वापरला आहे, कारण कोकोपीटच्या ओलाव्याचं याहून नेमकं माप नाही. पेरणीला शेत जसं हवं तसं. मुठीत घट्ट दाबल्यावर बोटांमधून पाणी निथळू नये, मूठ उघडल्यावर गोळा राहावा आणि बोटाने टोचल्यावर तो फुटावा. पाणी निथळत असेल तर आत हवा जात नाही, अंडी गुदमरतात आणि बुरशी धरते; तुमची पहिली थैली अशी गेली. गोळाच होत नसेल तर अंडी आक्रसतात. ती दुसरी थैली. गाळलेलं कोकोपीट जुन्या सुती पंच्यात घालून पिळायचं, मग वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्यांवर पसरून सावलीत दोन ते सहा तास ठेवायचं. पावसाळ्यात पूर्ण दिवस लागतो, मार्चमध्ये पंख्याखाली दोन तासही जास्त होतात, म्हणून घड्याळ न बघता मूठ बघा.

कोकोपीटची तयारी इथेच सांगतो. नर्सरीतली ६५० ग्रॅमची वीट भिजून आठ-नऊ लिटर होते. एका जोडीला ती वर्षभर पुरते. खत मिसळलेलं नको. नारळाचा काथ्या बऱ्याचदा खाऱ्या पाण्यात कुजवलेला असतो, म्हणून वीट फोडून तीन-चार पाण्यांनी धुवा, अर्धा तास उकळा आणि पाण्याचा रंग फिक्या चहाइतका येईपर्यंत पुन्हा धुवा. लांब काथ्या काढून टाका. त्यात पिल्लं अडकतात.

आता टाकी. एक नर आणि दोन किंवा तीन माद्या यांना २० ते २५ लिटर पुरतं. एकच मादी ठेवली तर नर तिला श्वास घेऊ देत नाही. छोट्या एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर, संथ बुडबुडे, एका कोपऱ्यात जावा मॉसचा गुच्छ आणि वर घट्ट झाकण. हे मासे बोटभर फटीतूनही उडी मारतात. नर्मदेचं पाणी किंचित अल्कधर्मी आणि मध्यम कठीण असतं, गुंथेरीला ते चालतं. बोरिंगचं पाणी बेसॉल्टमधून येतं, ते जास्त जड असतं. दोन्ही येत असतील तर नर्मदेचंच वापरा. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनसाठी २४ तास हवा सोडून ठेवा. तेवढा वेळ नसेल तर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, १०० मिली पाण्यात १० ग्रॅम विरघळवून ठेवा आणि लिटरला २ थेंब टाका. भरपूर खाणारा मासा आहे, घाणही भरपूर करतो, म्हणून आठवड्यातून दोनदा ३० टक्के पाणी बदलायचं. या टाकीचं पाणी बिघडलं की ते आधी माशाच्या मिटलेल्या पंखांवर दिसतं, पाण्याच्या रंगावर नंतर.

आणि मीठ. लिटरला १ ग्रॅम साधं खडेमीठ, म्हणजे २० लिटरला सपाट चार चहाचे चमचे, पहिल्या दिवसापासून कायम. जेवढं पाणी बदलाल तेवढ्याच पाण्यापुरतं मीठ पुन्हा घालायचं. बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी भरताना मीठ घालायचं नाही, नाहीतर प्रमाण चढत जातं. मीठ हवं ते तुमचे मासे ज्या रोगाने गेले त्यासाठी. सोनेरी भुकटी म्हणजे वेल्वेट. हा एकपेशीय परजीवी कातडीला आणि कल्ल्यांना चिकटतो. नोथोब्रँकियस त्याला इतर माशांपेक्षा फार लवकर बळी पडतो. खोलीत अंधार करून बाजूने टॉर्च मारला तर अंगावर हळद-सोन्यासारखी धूळ दिसते. त्याआधी मासा पंख मिटतो, पानांवर अंग घासतो, वरच्या थरात धापा टाकतो. याच वेळी उपाय केला तर मासा वाचतो. मीठ दोन दिवसांत हळूहळू लिटरला ३ ग्रॅमपर्यंत न्या, दिवा बंद करा आणि टाकी जाड काळ्या कापडाने ७ ते १० दिवस झाका, कारण हा परजीवी प्रकाशावरही जगतो. हवा वाढवा, खाणं निम्मं करा, एक दिवसाआड चौथा हिस्सा पाणी बदला. तांब्याची औषधं काम करतात, पण मात्रा जराशी चुकली की मासाच मरतो आणि गोगलगायी तर हमखास मरतात. पाण्यातलं तांबं मोजायची सोय नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

पण वेल्वेट नौतप्यातच का उफाळला? आफ्रिकेतल्या डबक्यातही दुपारी पाणी चांगलंच तापतं, पण रात्री ते उतरतं. बंद घरातल्या टाकीत, वर गच्चीचा स्लॅब तापलेला असताना, पाणी रात्रीही ३१-३२ अंशांवर राहतं. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, माशाची भूक आणि श्वास वाढतो, घाण लवकर कुजते आणि परजीवीचं चक्र वेगाने फिरतं. शिवाय वयही भराभर जातं. नोथोब्रँकियस फुर्झेरी या दुसऱ्या जातीवर २००६ मध्ये झालेल्या अभ्यासात पाणी २५ ऐवजी २२ अंशांवर ठेवल्याने आयुष्य वाढलेलं आणि म्हातारपणाची लक्षणं लांबलेली दिसली. तुमचे गुंथेरी २२ ते २४ अंशांवर वर्षभर जगू शकले असते.

तरीही काही मासे मेमध्ये हातात राहतीलच. टाकी तळमजल्यावर किंवा उत्तरेच्या खोलीत, जमिनीलगत हलवा. झाकणाऐवजी मच्छरदाणीची जाळी ताणून पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका छोटा पंखा सोडा. कोरड्या हवेत दोन-तीन अंश सहज उतरतात. कूलरच्या खोलीत आणखी फरक पडतो. आपला उन्हाळा कोरडा असल्याने हे उपाय इथे चालतात. बडोद्याकडे किंवा कोकणात दमट हवेत त्यांचा इतका उपयोग होत नाही. बर्फाच्या पिशव्या टाकीत सोडू नका, दिवसातून दोनदा पाच अंशांचा झोका माशाला उष्णतेपेक्षा वाईट.

आता वेळापत्रक. गुंथेरीची अंडी २४ ते २६ अंशांवर साधारण तीन ते साडेतीन महिन्यांत तयार होतात. फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत घातलेली अंडी जूनअखेर किंवा जुलैच्या सुरुवातीला, पहिले दोन-तीन पाऊस होऊन खोली २७-२८ वर आल्यावर, भिजवायला येतात. ती पिढी सप्टेंबरमध्ये भरात येते आणि हिवाळाभर अंडी देते. इंदूरच्या थंडीत रात्री बाहेर ८-१० अंश होतात, पण २५ वॅटचा हीटर २२ वर लावला की २० लिटरची टाकी निभावते. एप्रिल येईपर्यंत ते मासे नऊ महिन्यांचे, उतारवयाला लागलेले असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरची अंडी जानेवारीत तयार होतात. ती भिजवायचा मोह होतो आणि तुमच्याकडून तेच झालं. ती देऊन टाका, किंवा पिल्लं काढलीत तर उन्हाळ्याची तयारी आधी करून ठेवा. वंश चालवायला मात्र फेब्रुवारी-मार्चच्या थैल्या जपायच्या.

त्या थैल्या कपाटावर नकोत. ३० अंशांवर अंडी घाईने तयार होतात आणि मग आतल्या आत पिवळ्या बलकाची शिदोरी संपवत बसतात. एक मोठा माठ, त्यात एक लहान कोरा माठ, दोघांच्या मधे ओली वाळू, वर ओलं गोणपाट. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत आतलं तापमान खोलीपेक्षा चार ते सहा अंशांनी कमी राहतं. थैल्या झाकणाच्या डब्यात घालून आतल्या माठात ठेवा, म्हणजे पाझर लागणार नाही. सोबत थर्मामीटर ठेवा. वाळूला सकाळ-संध्याकाळ पाणी. फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथली थंडी या अंड्यांना फार होते.

अंडी गोळा करण्याच्या दोन पद्धती आहेत. एक कोकोपीटची: आइस्क्रीमचा लिटरचा डबा, झाकणाला ६-७ सेंटिमीटरचं भोक, तळाशी दोन-तीन सेंटिमीटर उकळलेलं कोकोपीट आणि डबा तरंगू नये म्हणून एक गोटा. नर मादीला आत हाकतो, पाठीवरचा पंख तिच्यावर टाकून तिला दाबतो आणि दोघं थरथरत एकेक अंडं सोडतात. दर आठवड्याला हे कोकोपीट बदलायचं. दुसरी वाळूची, आणि अंडी मोजायची असतील तर हीच बरी. अर्धा-पाऊण मिलिमीटर भोकांची स्वयंपाकघरातली चाळणी घ्या. बारीक वाळू आधी तिच्यातून गाळा आणि गळून आलेली वाळूच डब्यात भरा. आठवड्याने ती पुन्हा त्याच चाळणीतून पाण्याखाली गाळली की वाळू खाली जाते आणि साधारण मिलिमीटरभर व्यासाची अंडी वर राहतात. पारदर्शक, टणक अंडी चांगली. पांढरी मेलेली, ती ड्रॉपरने वेचा. चांगली अंडी झाकणाच्या उथळ डबीत ओलसर कोकोपीटच्या पृष्ठभागावर मांडा आणि दोन-तीन आठवडे दर दोन दिवसांनी पांढरी पडलेली काढत राहा. मगच थैलीत भरा. एका मेलेल्या अंड्याची बुरशी शेजारच्या दहांना धरते, तो धोका इथेच टळतो.

भिजवणं हा सगळ्यात नाजूक दिवस. आधी दहाएक अंडी भिंगाखाली पाहा. पिल्लाचा डोळा मोठा, काळा आणि भोवती सोनेरी कडं दिसलं की अंडी तयार. निम्म्यांत तरी ते दिसेपर्यंत थांबा. नंतर पसरट टबात कोकोपीट मोकळं करून १८ अंशांचं पाणी ओता. माठाचं पाणी २२-२३ असतं, त्यात फ्रिजचं थोडं मिसळा. पाणी कोकोपीटच्या वर फक्त दोन-तीन सेंटिमीटर. चिमटीभर कुसकरलेलं माशांचं खाणं टाका: ते कुजताना पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि तयार गर्भाला तोच बाहेर पडायचा इशारा असतो. पहिली पिल्लं काही तासांत दिसतात, बहुतेक २४ तासांत. बाहेर पडलेली पिल्लं मोठ्या तोंडाच्या ड्रॉपरने किंवा चमच्याने स्वच्छ पाण्याच्या टबात घ्यायची, जाळीने कधीच नाही. पाणी हळूहळू खोलीच्या तापमानावर येऊ द्या.

तळाशी घसरणारी पिल्लं म्हणजे हवेची पिशवी न भरलेली पिल्लं. तिला पहिल्या एक-दोन दिवसांत हवा मिळाली नाही तर ती पुढे बहुधा भरत नाही. कारणं मुख्यतः तीन: अंडी फार लवकर भिजवली, फार उशिरा भिजवली आणि गर्भाची ताकद संपली, किंवा पाणी खोल असल्याने वा वर तेलकट साय आल्याने पिल्लू पृष्ठभागापर्यंत पोचलंच नाही. तुम्ही बादलीत १५ सेंटिमीटर पाण्यात भिजवलं असं लिहिलं आहे, त्यामुळे तिसरं कारण नक्की आहे. साय आली तर टिश्यू पेपर पृष्ठभागावर टेकवून उचला. अशी पिल्लं काही काळ खात-पीत जगतात, पण त्यांच्यापासून पुढची पिढी घेऊ नका.

पहिलं खाणं १२ तासांच्या आत, ताजं फुटलेलं आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव. एक लिटर पाणी, २५ ग्रॅम मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा, अर्धा चहाचा चमचा आर्टेमियाची अंडी. तळ कापून उलटी टांगलेली बाटली, खालून जोराची हवा, वर दिवा. २७ अंशांवर २४ ते २८ तास, थंडीत दीड-दोन दिवस. हवा बंद करून दहा मिनिटांनी तळातून गुलाबी थर काढा, कापडावर गाळून गोड्या पाण्याने धुवा. टरफलं पिल्लांना देऊ नका, पोट तुंबतं. आर्टेमियाचा उघडा डबा पावसाळ्यात आठवड्याभरात निकामी होतो. आठवड्यापुरतं बाहेर ठेवून बाकी हवाबंद करून फ्रीझरमध्ये ठेवा. दिवसातून तीनदा थोडं थोडं, रोज पाचवा हिस्सा पाणी बदल, आणि उरलेलं खायला दोन-चार गोगलगायी. तीन आठवड्यांनी मोइना (पाण्यातले बारीक पिसू), बारीक चिरलेले ब्लडवर्म, डासांच्या अळ्या. अळ्यांची बादली जाळीने झाका आणि चौथ्या दिवशी रिकामी करा. नाल्यातले जिवंत ट्युबिफेक्स किडे मात्र कितीही स्वस्त मिळाले तरी नकोत. त्यांच्याबरोबर टाकीत काय काय येतं ते धुऊन जात नाही.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात नर निळसर-हिरवे आणि लाल कडांच्या खवल्यांचे होतात, शेपूट विटेसारखं लाल होतं. तेव्हाच त्यांना वेगळं करा, आणि अंड्यांसाठी जोड्या सातव्या-आठव्या आठवड्यात लावा. त्याआधीची अंडी मिळतात, पण बरीच पांढरी पडतात.

ऑस्ट्रोलेबियास नायग्रिपिनिस इथे आणू नका. ला प्लाता नदीच्या खोऱ्यातला तो थंड हवेचा मासा, १८ ते २२ अंशांत खुलतो. चिलर नसताना इंदूरचा मार्चसुद्धा त्याला जड जाईल. शिवाय तो जोडीने मातीत बुडी मारून अंडी घालतो, त्याला कोकोपीटचा दहाएक सेंटिमीटर थर लागतो. पुढची पायरी हवीच असेल तर नोथोब्रँकियस कोर्थौसे किंवा एगर्सी बघा. राकोव्ही फार देखणा आहे, पण त्याची अंडी पाच-सहा महिने घेतात आणि पिल्लं इतकी बारीक की पहिले काही दिवस आर्टेमियाआधी इन्फ्युसोरिया, म्हणजे पाण्यातले सूक्ष्मजीव, लागतात.

दुसरी जात आणली तर दोन्हींच्या माद्या एका टाकीत कधीच ठेवू नका. सगळ्या करड्या, एकसारख्या. एकदा मिसळल्या की कोणालाच वेगळ्या करता येत नाहीत. एकाच जातीतली ठिकाणंही मिसळायची नाहीत: फुर्झेरीच्या झिंबाब्वेतल्या जीआरझेड वंशाचे नर पिवळ्या शेपटीचे, मोझांबिकच्या बऱ्याच वंशांचे लाल, आणि त्यांची अंडी तयार व्हायचा काळही वेगळा. प्रत्येक थैलीवर पेन्सिलने जात, ठिकाणाचा संकेत, अंडी गोळा केल्याच्या तारखा आणि पिढी लिहा. मार्करची शाई ओलाव्याने पुसते. जमल्यास पाच-सहा जोड्या राखा आणि दर हिवाळ्यात दोन थैल्या शहरातल्या दुसऱ्या घरी ठेवायला द्या, म्हणजे एका घरचा हीटर बिघडला तरी वंश राहतो.

वापरलेलं कोकोपीट कुंडीत घालण्याआधी उकळा आणि टाकीचं पाणी घरातल्या कुंड्यांनाच घाला. सिरपूर, बिलावली किंवा यशवंत सागर या तलावांकडे यातलं काहीही जाऊ देऊ नका. काळी माती आणि भरून आटणारी डबकी आपल्याकडे आहेत, आणि या अंड्यांना आणखी काही लागत नाही.